गाळलेले नाते

‘ऑलिव्ह ऑइल’ ऑलिव्हचे, ‘बेबी ऑइल’ मात्र बाळासाठीचे. इंग्रजी दोन नामे शेजारी ठेवते, नाते गाळते. ज्युडिथ लेव्ही यांनी १९७८ च्या ग्रंथात ही नाती नऊ संबंधांत बसवली. क्रियावाचक नामांचा गट वेगळा ठेवला. मांडणी नेटकी, पण मला अपुरी वाटते. पामेला डाउनिंग यांच्या १९७७ च्या निबंधातली ‘ॲपल-ज्यूस सीट’ म्हणजे जिच्यापुढे सफरचंदाच्या रसाचा पेला ठेवला आहे ती जागा. हे नाते यादीत बसवता आले, तरी कळते ते टेबलापाशीच.

‘पोलिस शूटिंग’चेही तसेच. गोळी पोलिसांनी झाडली, की पोलिसांवर? ‘पोलिस गोळीबार’ लिहून अनुवादक सुटतो, वाचक अडकतो. ‘पोलिसांचा’ की ‘पोलिसांवर’, हे मथळ्यावरून नव्हे, बातमी वाचूनच ठरवावे.