वारली सगळ्यांना हवी, चित्रकार कुणाला?

आगाशी आणि गंजाड ही दोन्ही गावं एकाच पालघर जिल्ह्यातली. आगाशीहून विरारला यायचं, डहाणू लोकल पकडायची, वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर अशी स्टेशनं मागे टाकत डहाणू रोडला उतरायचं आणि तिथून आत गंजाडला जायचं. या सबंध पट्ट्यात एक चित्र तुमची पाठ सोडत नाही. रिसॉर्टची भिंत, शाळेचं कंपाउंड, हॉटेलचा दर्शनी भाग, कुठेही बघा. मागे गेरूचा तांबूस रंग, वर पांढऱ्या रेषा, टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांची माणसं, हातात हात, मध्ये तारपा वाजवणारा. फोन उघडलात तर तीच माणसं कुर्तीवर, मगवर आणि मोबाइल कव्हरवर नाचत असतात.

आता स्वतःला एक प्रश्न विचारून बघा. यातलं एक तरी चित्र कुणी काढलं, ते तुम्हाला सांगता येईल का? वारली चित्रकारांपैकी किती जणांची नावं ठाऊक आहेत?

चित्रकाराबद्दल आपल्याकडे एक ठरलेली गोष्ट सांगितली जाते. प्रेरणा आतून येते, बाजार बाहेरून येतो आणि येऊन प्रेरणा मारतो. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्या कामाकडे पाहिलं की ही गोष्ट अपुरी वाटायला लागते. विकत घेणारा आला म्हणून म्हसे यांच्या प्रेरणेला जागा मिळाली. नुकसान झालं ते पुढे, आणि वेगळ्या कारणाने. बाजाराला शैली ओळखता आली, हात ओळखता आला नाही. वारली चित्र विकण्यातली आजची खरी अडचण मला इथे दिसते.

आधी चित्र कुठून आलं ते पाहू. वारल्यांच्या घरात लग्न असलं की आतल्या भिंतीवर चौक लिहितात. कुडाची भिंत शेणाने सारवलेली, वर गेरूचा हात आणि त्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषा. चौकात पालघट देवी असते. तो लिहिणं सवाशिणींचं काम आणि धवलेरीने गाणी म्हणून लग्न लावायचं. चौकाशिवाय लग्न पुरं होत नाही. म्हणजे हे चित्र विधीचं होतं, बायकांच्या हातचं होतं आणि टिकण्यासाठी नव्हतंच. लग्न झालं की ते हळूहळू धुरकटायचं, पुन्हा भिंत सारवली की जायचं. ज्या चित्राला मुळात टिकायचंच नाही, ते विकण्याचा प्रश्न येतो कुठे?

म्हसे यांचं लहानपण सांगताना एक गोष्ट नेहमी येते. आई फार लवकर गेली. त्या धक्क्याने मुलाने बोलणं सोडलं आणि तो धुळीत चित्रं काढून आपलं म्हणणं सांगू लागला. अशा गोष्टी थोर माणसांभोवती जमतातच, त्यामुळे तिच्यावर फार भार टाकू नये. पण एवढं खरं, की या माणसाला लग्नाच्या चौकाबाहेरही चित्र काढायचं होतं. कुणाचं लग्न नसताना, पुरुष असून, रोज. वारली समाजात अशा माणसाला जागा नव्हती. चित्र होतं, पण चित्रकार असा वेगळा कुणी नसायचा. म्हणजे प्रेरणा भरपूर असून तिचं करायचं काय, हे कुणी ठरवलेलं नव्हतं.

ती जागा तयार झाली १९७० च्या दशकात, आणि त्यात भास्कर कुलकर्णी या मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. कुलकर्णी स्वतः चित्रकार. १९६६–६७ च्या दुष्काळात ते कागद घेऊन बिहारमध्ये मिथिलेला गेले होते. तिथल्या बायका भिंतीवर जे लिहीत होत्या ते त्यांनी कागदावर लिहावं, ते शहरात विकावं आणि घरात चार पैसे यावेत, असा तो बेत होता. मागे पुपुल जयकर आणि सरकारी हस्तकला मंडळ होतं. मधुबनी म्हणून आज आपण जे ओळखतो, ते या दुष्काळी कामातून बाहेर पडलं. त्यानंतर कुलकर्णी डहाणू भागात आले. इथेही कागद आणि रंग वाटले. बायकांना मिळाले, तसे म्हसे यांच्याही हाती पडले. १९७० च्या दशकाच्या मध्याला त्यांची चित्रं मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत लागली.

हा प्रसंग 'शुद्ध लोककलेत बाजार शिरला' असा सांगण्याची रीत आहे. मला तो उलटा दिसतो. कागद विकण्यासाठी आला, पण कागदामुळे चित्राला कडा मिळाल्या. भिंतीवरच्या चौकाचं सगळं काही देवीभोवती असतं. कागदावर मध्यभागी देवी असलीच पाहिजे असं बंधन नव्हतं. मग मध्यभागी काय ठेवायचं? हा प्रश्न म्हसे यांना विधीने कधी विचारला नसता. तो विकाऊ कागदाने विचारला, आणि पुढची चाळीसेक वर्षं ते त्याचं उत्तर काढत राहिले.

त्यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रं घ्या. हा विषय त्यांनी अनेकदा काढला. फोनवर शोधलीत तर सापडतील, पण दोन बोटांनी झूम करून पाहा, कारण अंगठ्याएवढ्या चौकटीत ती समजत नाहीत. लांबून दिसतो एक पांढरट धुरासारखा, फुगलेला आकार. जवळ गेलं की कळतं, हे जाळं आहे, आणि ते एकेका डोळ्यासह काढलेलं आहे. रेषा केसाएवढी बारीक. जाळ्याचा डोळा एके ठिकाणी मोठा, दुसरीकडे आवळलेला, जणू पाणी आतून ढकलतंय. मासे बारीक, माणसं त्याहून बारीक. जाळं टाकणारा माणूस त्या जाळ्यापुढे नगण्य झालेला. परिप्रेक्ष्याचे नियम न वापरता इथे खोली आलेली आहे, आणि ती फक्त रेषेच्या दाटपणातून आलेली आहे.

आता हेच रिसॉर्टच्या भिंतीवरच्या वारलीशी ताडून पाहा. तिथे प्रत्येक माणूस आदल्यासारखाच असतो. त्रिकोण सारखे, हात सारखे, अंतर सारखं. म्हसे यांच्या चित्रात दोन त्रिकोण जिथे टेकतात, तो कंबरेचा बिंदू कधीच नेमका मधोमध नसतो. वरचा त्रिकोण किंचित कलतो आणि तेवढ्याने माणूस पळतोय, वाकलाय की दमलाय ते कळतं. झाडाचं पान अन् पान वेगळ्या दिशेला जातं. पक्षी, मुंग्या, माणसं, बैल यांतलं काहीच थांबलेलं नसतं. चिन्हं तीच, परंपरेने दिलेली. पण चिन्ह लिहिणं वेगळं आणि त्याच चिन्हाकडून एखादी हालचाल करवून घेणं वेगळं. चित्रकार म्हणतात तो इथे दिसतो.

जगाने हे ओळखलं. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या 'मॅजिसियाँ द ला तेर' या गाजलेल्या प्रदर्शनात म्हसे होते. २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंतासोबत त्यांचं जोडप्रदर्शन झालं. चालणं आणि माती हेच लाँग यांचं माध्यम, त्यामुळे ही जोडी शोभेची नव्हती. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

या यशाला एक काळी बाजू आहे आणि ती लपवू नये. चौक बायकांचा होता. चित्राला पैसा आणि नाव आल्यावर जी नावं पुढे आली, ती बहुतेक पुरुषांची. बाजाराने चित्रकार घडवला हे माझं म्हणणं खरं असेल, तर त्याने तो निवडूनही घडवला. शहरात येऊ शकणारा, गॅलरीवाल्याशी बोलू शकणारा, विमानात बसू शकणारा चित्रकार म्हणजे पुरुष, हे न सांगता ठरलं. ज्या सवाशिणींच्या हातातून ही रेषा आली, त्यांतल्या बहुतेक बिननावाच्या राहिल्या.

दुसरी बाजू आजच्या तरुण वारली चित्रकाराची. त्याच्यापुढे 'वारली विकत नाही' ही अडचण नाही. वारली इतकी विकली जाते की त्याचं चित्र विकणं अवघड झालंय. गिऱ्हाइकाला तारपा नाच हवा असतो, सोफ्याच्या मापाचा, भिंतीच्या रंगाला जाणारा. तोच तारपा स्टेन्सिल लावून, डिजिटल प्रिंट काढून कुणीही देऊ शकतं आणि कितीतरी स्वस्तात देतं. अशा बाजारात महिनाभर बसून जाळ्याचा एकेक डोळा काढणाऱ्याला कसं परवडावं? साहजिकच तोही तारपा काढायला बसतो. प्रेरणा संपली म्हणून नव्हे, घर चालवायचं म्हणून.

यावर उपाय म्हणून भौगोलिक मानांकनाकडे बोट दाखवलं जातं. वारली चित्रकलेला ते २०१४ मध्ये मिळालं आणि ते मिळणं योग्यच होतं. पण मानांकन काय राखतं, हे आगाशीच्या माणसाला सुकेळीवरून चटकन कळेल. राजेळी केळं पिकवून, सोलून, उन्हात वाळवून सुकेळी करतात. तिच्यामागे 'आगाशीची' हा शब्द लागला की गिऱ्हाइकाला बरंचसं कळतं. केळं कुठलं, ऊन कुठलं, हात कुठल्या गावचे. सुकेळीला गावाचं नाव पुरतं. चित्राला ते पुरत नाही. 'डहाणूची वारली' एवढ्याने माल अस्सल असल्याचं कळेल, चित्र चांगलं आहे की नाही हे कळणार नाही. मानांकन नावाला राखतं, समाजाचा हक्क सांगतं. एकेका हाताची ओळख ठेवणं हे त्याचं कामच नाही. कॉपीराइटही विशिष्ट चित्राला मिळतो, शैलीला नाही. या दोहोंच्या मधल्या फटीत छापील वारलीचा धंदा आरामात बसतो.

नाव असलं म्हणजे सगळं मिटतं असंही नाही. वासुदेव गायतोंडे हे दुसऱ्या टोकाचं उदाहरण. शांतपणे, वर्षाला मोजकीच चित्रं करणारा हा चित्रकार २००१ मध्ये गेला. २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटींच्या वर गेलं, २०२१ मध्ये दुसरं जवळपास ४० कोटींना. बोली लागते तेव्हा पैसा जातो चित्र विकणाऱ्याकडे. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आलेलं ५३अ हे कलम आहे. मूळ चित्र दहा हजारांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यातला वाटा मिळावा, जास्तीत जास्त दहा टक्के, असं ते म्हणतं. व्यवहारात हा वाटा क्वचितच दिसतो. पण हे कलम वाचताना एक जाणवतं. वाटा मागायचा तर आधी चित्रावर कुणाचं तरी नाव हवं. बिनसहीच्या तारप्याला कुठला वारस?

म्हणून राजेश चैत्या वांगड यांच्यासारख्यांचं काम मला महत्त्वाचं वाटतं. वांगडही गंजाडचेच. छायाचित्रकार गौरी गिल यांनी या परिसराचे कृष्णधवल फोटो काढले आणि त्या फोटोंवर वांगड यांनी वारली रेषेत लिहिलं. फोटोत डोंगर, पाणवठा, मोकळं रान दिसतं. फोटोत जे मावत नाही, म्हणजे तिथे कोण राहत होतं, काय घडलं, काय गेलं, ते रेषेत येतं. फोटोत बहुधा वांगड स्वतः उभे असतात. आपल्याच गावाच्या फोटोत उभं राहून त्याच फोटोवर लिहिणारा हा माणूस 'वारली' या लेबलाच्या मागे लपवता येत नाही. शैली तीच, पण काय सांगायचं ते त्याचं. दोन्ही नावं चित्राखाली असतात, आणि गॅलरीत ते चित्र विकलंही जातं.

प्रेरणा आणि विक्री एकत्र नांदू शकतात, हे म्हसे यांनी एकदा दाखवलं, वांगड पुन्हा दाखवत आहेत. त्यासाठी तिसरी एक गोष्ट लागते, ती म्हणजे पाहणारा. समीक्षा हा शब्द जड वाटतो, पण त्याचं मूळ काम एवढंच आहे, की या हातात आणि त्या हातात फरक काय ते सांगणं. किशोरी आमोणकर आणि मोगूबाई एकाच घराण्याच्या, म्हणून आपण दोघींना 'जयपूर' म्हणून मोकळे होत नाही. वारलीबाबत मात्र शाळेच्या चित्रकलेच्या तासापासून आपण शिकतो ते दोन त्रिकोण कसे काढायचे. कुणाचे त्रिकोण कसे कलतात, हे कुणी शिकवत नाही.

पुढच्या वेळी प्रदर्शनात, जत्रेत किंवा इन्स्टावर वारली चित्र आवडलं तर दोन गोष्टी करता येतील. कुणी काढलं ते विचारा आणि सही कुठे आहे ते बघा. मग 'तारपा आहे का?' याऐवजी 'तुमच्या मनातलं काय काढलंय?' असं विचारा. भाव त्यानंतर करा, हवा तर. गिऱ्हाइकाने असं विचारायला सुरुवात केली, तर जाळ्याचा एकेक डोळा काढत बसणाऱ्या कुणाला तरी महिनाभर बसणं परवडू लागेल.