‘निवृत्तिवेतन’ : एक संज्ञा, तीन व्यवहार

सेवानिवृत्तांकरिता प्रसिद्ध होणाऱ्या माहितीचे मूल्यमापन सामान्यतः तिच्या विपुलतेवरून केले जाते. आज ती मोबाइलवरही मिळते, एवढ्यावर समाधान मानले जाते. तथापि माहिती उपलब्ध असणे व ती शोधणाऱ्याच्या हाती लागणे या भिन्न गोष्टी होत. शोधणारा शब्दाच्या आधारे शोधतो. म्हणून शब्दच संदिग्ध असेल तर हक्क कागदावर राहतो.

अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात ही संदिग्धता विशेष जाणवते. १९५० साली प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे जिल्ह्यात असे अनेक कारखाने उभे राहिले. त्यामुळे एकाच गावात महसूल खात्यातून निवृत्त झालेला कारकून, कारखान्यातून निवृत्त झालेला कामगार आणि निराधार वृद्ध शेतमजूर असे तिघे असू शकतात. तिघांच्याही संबंधात शासकीय मराठी ‘निवृत्तिवेतन’ हाच शब्द योजते. वस्तुतः पहिल्याचा हक्क महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यांवर आधारलेला असून त्याचा संबंध कोषागाराशी येतो. दुसऱ्याचा हक्क कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ हिच्यातून येतो; त्याने भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयाकडे, म्हणजे त्याच्या भाषेत ‘फंडाच्या ऑफिसात’, जावयाचे असते. तिसऱ्यास मिळते ते श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचे अर्थसाहाय्य; त्यासाठी तहसील कार्यालय गाठावे लागते. तिसऱ्या व्यवहारात निवृत्तीही नाही आणि वेतनही नाही. संज्ञा मात्र तीच आहे.

या संदिग्धतेची किंमत ‘हयातीच्या दाखल्या’च्या बाबतीत स्पष्ट होते. राज्य शासनाचे निवृत्तिवेतनधारक तो नोव्हेंबरात देतात. १९९५ च्या योजनेत मात्र दाखला दिल्या दिवसापासून एक वर्ष चालतो. मार्चमध्ये दाखला दिलेला कामगार ‘पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबरात दाखला द्यावा’ एवढेच ऐकून थांबला, तर मार्चनंतर त्याची पेन्शन अडते. त्यातच २०१४ मध्ये सुरू झालेल्या संगणकीय व्यवस्थेस ‘जीवन प्रमाण’ हे नाव मिळाले. हिंदीत ‘प्रमाण’ म्हणजे पुरावा. मराठी व्यवहारात त्या शब्दाने प्रथम माप किंवा गुणोत्तर सुचते. ‘हयातीचा दाखला’ हा रुळलेला शब्द सोबत दिल्यावाचून ते नाव मराठी वाचकास अपुरेच राहते.

‘लाभार्थी’ हा शब्दही तपासण्याजोगा आहे. कारखाना-कामगाराच्या वेतनाच्या ८.३३ टक्के इतकी रक्कम, विहित मर्यादेत, मालकाच्या वर्गणीतून निवृत्तिवेतन निधीत जमा होत असते. त्यास लाभार्थी म्हटल्याने अर्जित हक्कास अनुग्रहाचे रूप येते. सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी निवृत्तिवेतन ही कृपा नव्हे, हे शासकीय सेवेच्या संदर्भात स्पष्ट केले होते. त्या दृष्टीने ‘वेतन’ हे पद सार्थ असून ‘लाभ’ हे पद दिशाभूल करणारे आहे.

संघटनांच्या पत्रकांतही एक उणीव राहू शकते. १९९५ च्या योजनेतील किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १,००० रुपये ठरले. ते ७,५०० रुपये करावे, ही मागणी रास्त विचारास पात्र आहे. पण ‘मागणी’ व ‘तक्रार’ यांत भेद आहे. कायदा बदलण्यासाठी मागणी. कायद्याने आजच देय असलेले न मिळाल्यास तक्रार. १६ नोव्हेंबर १९९५ नंतरच्या सेवेपुरते स्थूल सूत्र असे : सरासरी पात्र वेतनास पात्र सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागावे. ज्याची सेवा-वर्षेच कमी धरली गेली आहेत, त्यास मोर्चाच्या आवाहनापेक्षा हे एक वाक्य अधिक उपयोगी पडेल.

सारांश, अशा माहितीचा कस तिच्या पहिल्याच ओळीत लागतो. कोणता कायदा, कोणते कार्यालय आणि कोणती मुदत, ही तीन उत्तरे तेथे वाचकाच्या नित्याच्या शब्दांत मिळत नसतील, तर पुढील मजकूर कितीही विस्तृत असला तरी ती माहिती निवृत्तांसाठी लिहिली गेली, असे म्हणता येणार नाही.