उतारवयातील पृथ्वीप्रदक्षिणा

आमच्या सावद्यास साठी उलटलेला गृहस्थ दूरच्या प्रवासास निघाला, म्हणजे तो काशीस किंवा पंढरीस निघाला असेच लोक धरून चालतात. ज्यात पुण्याचा लाभ नाही अशा प्रवासाची तयारी त्याने चालविली, तर घरची माणसे आधी वैद्यास बोलावतील. टेड सायमन या ब्रिटिश लेखकाने २००१ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर असता, एकट्याने मोटारसायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा दुसऱ्यांदा आरंभिली. ‘ड्रीमिंग ऑफ ज्युपिटर’ (२००७) हा तिचाच वृत्तान्त होय. पहिल्या प्रवासात भारतातील एका भविष्यवेत्त्याने त्यास ज्युपिटर, म्हणजे आपला गुरू, ठरविले होते. नाव तेथून आले.

१९७३ साली पहिल्याने निघताना त्यास मोटारसायकल चालविणे नुकतेच कोठे येऊ लागले होते. ‘ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स’मधील (१९७९) टवटवी आमच्या मते त्या अज्ञानाचीच आहे. दुसऱ्या खेपेस चार वर्षांच्या भटकंतीचा अनुभव गाठीस होता, वाहनही बीएमडब्ल्यूचे होते. तरी केनियात पाय मोडलाच. अनुभवाइतकी भक्कम तयारी दुसरी कोणती? पण म्हातारे हाड तिला जुमानीत नाही. मोडलेला पाय सांधल्यावर त्याने प्रवास पुढे चालविला, हा भाग आम्हांस ग्रंथाचा प्राण वाटतो. जग पूर्वीचे राहिले नाही ही वारंवार येणारी हळहळ मात्र लेखकाने आवरावयास हवी होती. ती ऐकविण्यास आमच्या पारावरची मंडळी समर्थ आहेत. पितरांच्या हातून गाडीची किल्ली काढून घेऊ पाहणाऱ्या मुलांनी मात्र केनियाचे प्रकरण अवश्य वाचावे. तेथे उभय पक्षांस पुरावा सापडेल.