‘घर सांभाळून’

मराठी ग्रंथपरीक्षणांत कांहीं शब्दप्रयोग इतके अंगवळणी पडलेले आहेत कीं ते लिहितांना परीक्षकाला विचार करावा लागत नाहीं, आणि वाचतांना वाचकाला तो करावासा वाटत नाहीं. ‘घर सांभाळून’ हा त्यांतलाच एक. एखाद्या बाईनें ग्रंथ लिहिला, शाळा चालविली किंवा प्रयोगशाळेंत नांव मिळविलें, कीं प्रस्तावनाकार हटकून म्हणतो, ‘घर सांभाळून त्यांनीं हें सारें केलें.’ हेतु अर्थात् गौरवाचा असतो. परंतु या गौरवांत एक जकातनाकें दडलेलें आहे. घर सांभाळल्याची पावती दाखविल्यावांचून बाईचें कर्तृत्व पुढें सरकूं शकत नाहीं. ‘मुलांचे डबे भरून यांनीं हा कोश सिद्ध केला’ असें एखाद्या पुरुष ग्रंथकाराविषयीं कोणीं लिहिल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

हा विचार नव्यानें मनांत येण्यास एक लहानसें निमित्त झालें. आमच्या छत्रपति संभाजीनगरांत (औरंगाबादचें हें नांव २०२३ सालापासूनचें) दहाबारा स्त्रियांचें एक वाचकमंडळ आहे. त्यांच्या बैठकीस एकदां आम्हांस बोलावणें आलें. महिन्याचें पुस्तक होतें इरावती कर्वे यांचें ‘परिपूर्ति’. बोलतां बोलतां गोष्ट निघाली कीं आपण नोकरी कां करतों, किंवा केली. एकीनें घराच्या कर्जाचे हप्ते सांगितले, दुसरीनें मुलांच्या शिक्षणाचा खर्च, वाळूजच्या कारखान्यांत जाणाऱ्या तिसरीनें यजमानांच्या धंद्यांतली खोट सांगितली. सर्वांत शेवटीं एक सेवानिवृत्त परिचारिका होत्या. त्या म्हणाल्या, ‘मला ते काम आवडायचं.’ क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग त्याच घाईघाईनें पुढें म्हणाल्या, ‘पण मुलांची आबाळ कधी होऊं दिली नाहीं हं!’ आबाळीचा प्रश्न कोणीं विचारलाच नव्हता.

गरज ही आईच्या नोकरीला आपल्या समाजानें दिलेली क्षमा आहे. पैशाची निकड असली कीं बाई बाहेर पडली तरी तिच्याकडे सहानुभूतीनें पाहिलें जातें. निकड नसतांना ती पडली, किंवा निकडीपोटीं पडून तेथें रमली, कीं तिला खुलासा द्यावा लागतो. आमचें म्हणणें असें कीं हा खुलासा आपल्या वाङ्मयांतही शिरला आहे, आणि तो मागण्यांत आम्हां टीकाकारांचा हात मोठा आहे.

या दृष्टीनें एकाच घरांतून निघालेलीं तीन पुस्तकें शेजारींशेजारीं ठेवून वाचावींत. पहिलें महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें ‘आत्मवृत्त’ (१९१५). दुसरें त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे सर्वांच्या बाया, यांचें ‘माझें पुराण’ (१९४४). तिसरें सूनबाई इरावतींचें ‘परिपूर्ति’ (१९४९). महर्षींच्या पुस्तकांत संस्था वाढते. फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवावें, हिंगण्याची वाट पायीं तुडवावी आणि आश्रमाच्या हिशेबाला बसावें, असा तो क्रम आहे. त्यापुढें कोणाचाही माथा नमावा. बायांचें पुस्तक उघडलें कीं त्याच क्रमाची मागची बाजू दिसूं लागते. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनांतली ही पहिली विधवा विद्यार्थिनी, १८९३ सालीं पुनर्विवाह करून कर्व्यांच्या घरांत आली, आणि पतीच्या मिळकतीचा ओघ संस्थेकडे वळत असतां उरलेल्या थेंबांवर तिला मुलें वाढवावीं लागलीं. हें ती रडून सांगत नाहीं. सडेतोडपणें, प्रसंगीं मिस्किलपणें सांगते. महर्षींनीं संस्था काढली ती घर सांभाळून नव्हे. घर बायांनीं सांभाळलें म्हणून ती निघाली. दोन्ही पुस्तकांच्या वाचकाला हें सांगावें लागत नाहीं. एकच पुस्तक वाचणाऱ्याला मात्र तें कळण्याचा मार्ग नाहीं.

आतां तिसरें पुस्तक. इरावतीबाई १९०५ सालीं ब्रह्मदेशांत जन्मल्या, बर्लिनच्या विद्यापीठाची पदवी घेऊन १९३० च्या सुमारास परतल्या, आणि १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत मानववंशशास्त्र व समाजशास्त्र या विषयांत त्यांनीं जन्म घालविला. माणसांचीं मापें घेत, कुळांचीं नांवें टिपून घेत त्या देशभर हिंडल्या. घरीं तीन मुलें होतीं. ‘परिपूर्ति’ हा त्यांचा निबंध सुशिक्षित घरांत ठाऊक नाहीं असें क्वचितच असेल. एका सभेंत त्यांची ओळख करून दिली जाते, अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी अशी. त्यांना वाटतें, यांत कांहीं राहिलें. पुढें रस्त्यानें जातांना शाळकरी पोरांचे शब्द कानीं पडतात, कीं ही आपल्या वर्गांतल्या कर्व्याची आई. आणि राहिलेलें तें भरून निघतें.

निबंध बांधीव आहे, खेळकर आहे, आणि शेवटच्या वळणावर वाचकाला अलगद पकडतो. आमची तक्रार निबंधाशीं कमी आणि त्याच्या वाचनाशीं अधिक आहे. इतकीं वर्षें आपण त्याचा अर्थ असा लावला कीं पाहा, एवढी विदुषी, परंतु अखेर तिला धन्यता वाटली ती आईपणांत! मुलींना तो शिकवितांनाही हाच स्वर लागतो. पण नीट पाहिलें तर त्या सगळ्या ओळखी नात्यांच्याच आहेत. सासरा, पति, आणि शेवटीं मुलगा. पोरांची ओळख बाईंना आवडली, कारण ती सभेच्या उपचारांतली नव्हती, रस्त्यावरची होती, हें खरें. मात्र डेक्कन कॉलेजांतल्या टेबलाला परिपूर्तीच्या त्या जमाखर्चांत जागा मिळाली नाहीं, हेंही खरें. १९४९ सालच्या वाचकापुढें ही जागा मागणें बाईंना रुचलें नसेल, किंवा गंमत बिघडेल असें वाटलें असेल. निबंधकाराला तेवढें स्वातंत्र्य आहे. त्या एका निबंधावरून बाईंच्या आयुष्याचा निकाल देण्याचें स्वातंत्र्य टीकाकाराला नाहीं.

कारण त्याच लेखणीचें ‘युगान्त’ (१९६७) समोर आहे. त्यांतली गांधारी, कुंती, द्रौपदी पाहिल्या कीं दिसतें, येथें आई आणि शास्त्रज्ञ अशा दोन बाया आळीपाळीनें लिहीत नाहींत. नातेसंबंध हाच बाईंच्या शास्त्राचा विषय होता. १९५३ सालचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ भारतांतील नातेव्यवस्थेवरच आहे. सून, जाऊ, सासू, आई हीं जीं नातीं त्या घरांत जगत होत्या त्यांचाच अभ्यास त्या बाहेर करीत होत्या, आणि बाहेर मिळालेली दृष्टि घेऊन घरीं येत होत्या. नोकरी आणि संसार यांचा ‘समतोल’ म्हणून जो तराजू आपण प्रत्येक कमावत्या आईपुढें धरतों, त्यांत एका पारड्यांतलें काढल्यावांचून दुसऱ्यांत घालतां येत नाहीं. इरावतीबाईंच्या लेखनाला हा तराजू लागूच पडत नाहीं. ‘तारेवरची कसरत’ हा दुसरा आवडता शब्दप्रयोगही असाच. त्यांत तारेवर एकटी बाई असते आणि बाकीचें कुटुंब खालीं उभें राहून टाळ्या वाजवितें.

टाळ्या वाजविण्याऐवजीं कोणी हात दिला तर काय होतें, याचें एक परदेशी उदाहरण आठवतें. मादाम क्यूरी यांच्या दोन्ही मुली लहान असतां घरीं त्यांचे वृद्ध सासरे, डॉक्टर यूजेन क्यूरी, नातींना सांभाळीत असत. १९१० सालीं ते वारले तोंवर हा क्रम चालला. धाकट्या मुलीनें, ईव्हनें, १९३७ सालीं आईचें चरित्र लिहिलें. रेडियमच्या कथेंत या आजोबांना कोणी शोधक म्हणत नाहीं, आणि तें बरोबरच आहे. पण त्यांना वगळून ती कथा पुरी होत नाहीं.

दुर्गा खोटे यांचें ‘मी, दुर्गा खोटे’ (१९८२) या बाबतींत अधिक मोकळें आहे, तरी त्याच्याही दाराशीं गरज उभी आहेच. सासरचें वैभव ओसरलेलें, पदरीं दोन मुलगे, शिकवण्यांवर भागेना. अशा स्थितींत १९३१ सालीं त्या चित्रपटांत आल्या. पहिल्या चित्रानें समाजांत नाचक्की झाली. पुढच्याच वर्षीं कोल्हापुरास प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ मध्यें त्या तारामती झाल्या, आणि नाचक्की करणारींच तोंडें स्तुति करूं लागलीं. गरज येथें खरीच होती, आणि ती सांगण्यांत बाई आडपडदा ठेवीत नाहींत. परंतु गरज भागल्यावरही जें काम पन्नास वर्षें सुटत नाहीं त्याला नुसती गरज म्हणतां येईल काय? १९६० च्या ‘मुघल-ए-आझम’ मधल्या जोधाबाईपर्यंत, आणि चित्रपटनिर्मितीपर्यंतही, या बाई पोटासाठींच गेल्या असें कोण म्हणेल! पुस्तकावर बोलतांना मात्र आपण त्यांच्या सोसण्याविषयीं बोलतों. त्यांच्या रमण्याविषयीं फारसें नाहीं.

पांढरपेशा घरांतला हा संकोच ज्यांच्या वांट्याला आलाच नाहीं अशा स्त्रियांच्या लेखनाकडे वळलें कीं हवा बदलते. शांताबाई कांबळे यांचें ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ (पुस्तकरूपानें १९८६) आणि ऊर्मिला पवार यांचें ‘आयदान’ (२००३) हीं दोन पुस्तकें मुद्दाम घ्यावींत. आईनें काम करावें कीं नाहीं हा प्रश्नच त्या घरांत कधीं नव्हता. शेतांत, रस्त्यावर, बाजारांत ती पिढ्यान्‌पिढ्या कामच करीत आली होती. नवें होतें तें पगाराचें आणि मानाचें काम. शांताबाई १९४२ सालीं सोलापूर जिल्ह्यांत शिक्षिका झाल्या, संसार मोडतां मोडतां राहिला, लेकुरवाळेपणींच पुढें पुण्याला दोन वर्षांचें प्रशिक्षण घेतलें, आणि १९५७ सालीं जत तालुक्यांत शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या. सांगण्याची रीत अगदीं बोलण्याची, वाक्यें आंखूड. ‘घर सांभाळून’ म्हणायला येथें फुरसतच कोणाला आहे! तरीही शाळेंत उभी राहिलेली मास्तरीण ही त्या पुस्तकांतली ताठ मानेची बाई आहे, आणि तो ताठा पगाराच्या आंकड्यानें आलेला नाहीं.

‘आयदान’ मध्यें तर दोन पिढ्या समोरासमोर येतात. वडील गेल्यावर आई बांबूचीं सुपें, टोपल्या विणून मुलांना शिकविते. मुलगी पुढें सरकारी बांधकाम खात्यांत नोकरी करते, लग्नानंतर, मुलें झाल्यावर एम्. ए. होते, कथा लिहिते, सभांना जाते. आणि नोकरीला हरकत न घेणारा नवरा लेखनाला आणि सभांना मात्र कुरकुर करतो. हा भेद लेखिकेनें फार अचूक टिपला आहे. पगार घरांत येतो, म्हणून नोकरी चालते. ज्या कामांत बाईला स्वतःचा आनंद आहे तें घरच्यांच्या डोळ्यांत सलतें. इतकी उघड कबुली पांढरपेशा आत्मचरित्रांत आम्हांस क्वचितच आढळली. पुस्तकाचें नांव आईच्या विणकामावरून घ्यावें आणि आपलें लेखन त्याच विणीचें म्हणावें, यांत लेखिकेनें काम आणि माया यांची गांठ जेथें बसली आहे तेथेंच बोट ठेवलें आहे.

या प्रश्नाची दुसरी बाजू वाङ्मयाबाहेरची असली तरी ती सोडून चालणार नाहीं. १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचें विधेयक आलें तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं त्यास पाठिंबा दिला. आईला त्या काळांत मिळणारी विश्रांति राष्ट्राच्या हिताची आहे, आणि म्हणून तिचा कांहीं भार सरकारनेंही उचलावा, असा त्यांचा विचार होता. कायदा १९२९ सालीं झाला. सर्व देशासाठीं तो १९६१ सालीं आला. २०१७ च्या दुरुस्तीनें पहिल्या दोन अपत्यांसाठीं रजा १२ आठवड्यांची २६ आठवडे झाली, आणि ५० वा अधिक नोकर असलेल्या ठिकाणीं पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. कायद्याची भाषा रुक्ष खरी. पण मूल सांभाळणें हें एकट्या आईचें काम नव्हे, एवढें ती आमच्या प्रस्तावनाकारांपेक्षां स्पष्ट बोलते.

मराठवाड्यांत ही सारी गोष्ट उशिरां सुरू झाली. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अंमलाखालीं होता. त्यानंतर १९५० सालीं डॉ. आंबेडकरांनीं येथें मिलिंद महाविद्यालय काढलें, १९५६ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलें, १९५८ सालीं विद्यापीठ. शाळांतल्या बाई, इस्पितळांतल्या सिस्टर, कचेऱ्यांतल्या कारकून म्हणून ज्या आया येथें मोठ्या संख्येनें बाहेर पडल्या त्या त्यानंतरच्या. याच नगरांतून १९६७ पासून प्रा. गंगाधर पानतावणे यांनीं ‘अस्मितादर्श’ चालविलें आणि ज्यांना कोणी लिहितें केलें नव्हतें त्यांना लिहितें केलें. तरी नोकरी करणाऱ्या आईनें आपल्या कामाविषयीं, दुःखाविषयीं नव्हे, कामाविषयीं लिहिलेलें पुस्तक या भागांतून आमच्या वाचनांत फारच थोडें आलें.

म्हणून आरंभीं उल्लेखिलेल्या परिचारिकाबाईंनीं एक वही लिहिली आहे असें कळलें तेव्हां ती आम्हीं मागून घेतली. साठएक पानें आहेत. पहिल्या रात्रपाळीचें वर्णन आहे: कंदिलासारखा मंद दिवा, ओळीनें मांडलेल्या खाटा, सलाइनचे थेंब मोजीत बसणें, आणि पहांटे एका बाळंतिणीचा ताप उतरल्यावर खिडकी उघडली तेव्हां आलेला गार वारा. शुद्धलेखन कच्चें आहे, कांहीं वाक्यें मध्येंच सुटतात. पण थेंब मोजण्याचें तें अर्धें पान आम्हीं दोनदां वाचलें. वाचकमंडळांत वहीवर चर्चा झाली तेव्हां बहुतेकींची सूचना एकच होती: फार छान आहे, पण घरीं मुलें कशीं राहत होतीं तें या भागांत घाला, नाहींतर वाचणाऱ्याला चुकल्यासारखें वाटेल. बाईंनीं वही मिटली आणि म्हणाल्या, ‘अहो, रात्रपाळी होती ती. मुलं झोपली होती, आणि हे होते घरी. तिथं काय लिहूं?’