‘नायिका आवडली नाही’ या मताचं काय करायचं?

पॉला हॉकिन्सची ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ (२०१५) वाचलेल्यांना विचारून बघा. दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, रेचलची चीड येते: सारखी पिते, खोटं बोलते, नको तिथे नाक खुपसते. दुसरी, रेचल, मेगन आणि ॲना या तिन्ही निवेदिका एकाच आवाजात बोलतात.

प्रबंधात या दोन्ही ‘नापसंती’ या एकाच खान्यात टाकू नका. माझ्या पहिल्या खर्ड्यात मी तेच केलं होतं.

दुसरी तक्रार संहितेत तपासता येते. प्रकरणावरचं नाव झाकून चार ओळी वाचा, कोण बोलतंय ते ओळखा. मला बऱ्याचदा जमलं नाही. तिथे कादंबरी कमी पडते, असं माझं मत.

पहिली तक्रार मात्र वेगळी. मेगन बेपत्ता झाल्यावर रेचल गाडीच्या खिडकीतून दिसलेलं पोलिसांना सांगते, पण दारुड्या बाईचं कोण खरं मानणार? चिडलेला वाचकही तिच्याशी नेमकं तसंच वागतो. शेवट कळल्यावर ती चीड त्यालाच टोचते. म्हणजे ज्याला आपण दोष समजलो, ती कादंबरीची युक्तीच असू शकते.

पण हेही गृहीत धरू नका. वाचकाला एक प्रश्न जास्तीचा विचारा: रेचलबद्दलचं तुमचं मत बदललं का, आणि नेमकं कुठे?