प्राथमिक प्रोग्रॅमिंगमधील ‘लूप’चे अध्यापन : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या प्रथम वर्षात ‘लूप’ हा घटक आला की विद्यार्थ्यांच्या आकलनाची खरी कसोटी लागते. तोवर प्रत्येक आज्ञा एकदाच पार पडत असते. लूपमध्ये त्याच आज्ञा पुनःपुन्हा पार पडतात आणि प्रत्येक फेरीत चलाची किंमत बदलत जाते. अध्यापनात मात्र या बदलापेक्षा वाक्यरचनेलाच अधिक महत्त्व मिळते. १ ते १० अंक छापणे, पाढे, चांदण्यांचे त्रिकोण आणि ‘फॉर’, ‘व्हाइल’, ‘डू-व्हाइल’ यांतील फरक, एवढ्यावर हा घटक बहुधा संपतो. या पद्धतीच्या मर्यादेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मोजणीपलीकडील लूप

वरील उदाहरणांत फेऱ्यांची संख्या आधीच ठाऊक असते. ६० विद्यार्थ्यांची हजेरी घ्यायची असेल तर ‘फॉर’ योग्यच आहे. परंतु कधी थांबायचे हाच जेथे प्रश्न असतो, तेथे पाठ केलेला नमुना उपयोगी पडत नाही. अशा प्रश्नाचे उदाहरण बीड जिल्ह्याला बाहेरून आणावे लागत नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. पती-पत्नीच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली ‘उचल’ हंगामभर मजुरीतून फेडली जाते. ‘उचल फिटेपर्यंत’ हा शब्दप्रयोगच ‘व्हाइल’ची अट आहे.

समजा, उचल ५०,००० रुपये असून मजुरीतून रोज ७०० रुपये वळते होतात. ७१ दिवसांनंतर बाकी ३०० रुपये उरते आणि ७२व्या दिवशी ती उणे ४०० होते. विद्यार्थ्याने ‘बाकी शून्य नसेल तोवर’ अशी अट लिहिली, तर बाकी नेमकी शून्य कधीच होत नाही आणि पायथॉनमधील हा लूप थांबत नाही. कागदावर फिटलेले कर्ज प्रोग्रॅममध्ये चालूच राहते. ‘बाकी शून्याहून अधिक असेल तोवर’ अशी अट लिहिल्यास लूप थांबतो. तरीही अखेरच्या दिवशी ७०० ऐवजी ३०० रुपयेच वळते करावे लागतात, अन्यथा मजुराचे ४०० रुपये जातात.

या उदाहरणात आणखी दोन वळणे आहेत. पावसाने तोड बंद राहिली तर बाकी कमी होत नाही; घरखर्चासाठी घेतलेली ‘खर्ची’ मिळवली तर ती वाढूही शकते. म्हणून हंगामाच्या दिवसांची दुसरी अट जोडावी लागते. आता लूप दोन कारणांनी थांबू शकतो : उचल फिटल्यामुळे किंवा हंगाम संपल्यामुळे. लूपबाहेर पडल्यावर यांपैकी कोणते कारण घडले, हे तपासणे आवश्यक ठरते. कारण दुसऱ्या प्रकारात उरलेली बाकी पुढील हंगामाच्या आरंभी येऊन बसते. रूढ उदाहरणांत हा प्रश्न उद्भवतच नाही.

सोलोवे, बोनार व अर्लिच यांचा १९८३ मधील अभ्यास या संदर्भात लक्षणीय आहे. लूपच्या मध्यातून बाहेर पडण्याची मुभा देणाऱ्या रचनेत विद्यार्थ्यांनी अधिक वेळा बिनचूक प्रोग्रॅम लिहिले, कारण ती रचना त्यांच्या स्वाभाविक विचारक्रमाशी जुळणारी होती. दोष नेहमी विद्यार्थ्याच्या बुद्धीत नसतो, हे यातून सूचित होते.

संभाव्य आक्षेप

परीक्षेत फरकच विचारले जातात, हा आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे. तथापि अट समजलेला विद्यार्थी फरक स्वतः सांगू शकतो. फरक पाठ केलेल्यास अट लिहिता येईलच असे नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वर्गात ऊसतोड कुटुंबांतील मुले असू शकतात. हे उदाहरण कोणाच्याही घराकडे बोट न दाखवता, हिशेबाचा प्रश्न म्हणूनच मांडले पाहिजे.

समारोप

लूप शिकवताना वाक्यरचनेपूर्वी तीन प्रश्न विचारले जावेत : प्रत्येक फेरीत काय बदलते, लूप कशामुळे थांबतो आणि थांबल्यावर हाती काय उरते? हे प्रश्न विचारण्याची सवय लागलेला विद्यार्थी घरच्या उचलीचा हिशेबही स्वतः तपासून पाहू शकेल. जिल्ह्यातील संगणक शिक्षणाकडून ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.