बिटकॉइनचं खाणकाम : पाळी, पूल आणि ताबा

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने 31 ऑक्टोबर 2008 रोजी प्रसिद्ध झालेला निबंध अवघा नऊ पानांचा आहे. आज आपण त्यातल्या सहाव्या भागापुरतंच बोलू. लेखकाचं म्हणणं असं, की ज्याच्याजवळ सर्वांत जास्त संगणकशक्ती आहे अशा लोभी माणसालाही फसवणुकीपेक्षा नियमाने चालणंच फायद्याचं पडेल. युक्तिवाद देखणा आहे. तो चांगुलपणावर विसंबत नाही, लोभालाच पहारेकरी नेमतो. पण माणूस लबाडी का करणार नाही, एवढंच उत्तर त्यात मिळतं. तो मोठा होत होत सगळंच का गिळणार नाही, हे तिथे कुणी विचारलेलंच नाही. आमचा आक्षेप आहे तो इथे.

हिशेब पाहा. नोंदवहीचं एक पान, म्हणजे ब्लॉक, सरासरी 10 मिनिटांनी तयार होतं. ज्याच्या यंत्राला कोडं आधी सुटलं, त्याला बक्षीस. सुरुवातीला ते 50 बिटकॉइन होतं, एप्रिल 2024 पासून 3.125 आहे. एकूण शक्तीचा दहा लाखावा हिस्सा तुमच्याकडे असेल, तर तुमची पाळी सरासरी 19 वर्षांनी येणार. गणित न्याय्य आहे हो, पण विजेचं बिल दर महिन्याला येतं!

म्हणून लहान माणूस पूलमध्ये शिरतो. 2010 पासून हे चालू आहे. त्याची सरासरी मिळकत वाढत नाही, नियमित होते. बदल्यात पानावर कोणते व्यवहार चढवायचे हे बहुधा पूलचालक ठरवतो. एका प्रोसेसरला एक मत, हे निबंधाचं तत्त्व. ते मत इथे गहाण पडलं.

गोंदियात हे फार समजवावं लागू नये. 70 पानांचा पुडा बांधून फडीवर नेणारी बाई, पुढे भाव चढेल म्हणून पुडे घरात ठेवून बसू शकत नाही. गोदाम, वाहतूक, थांबण्याची ऐपत, सगळं ठेकेदाराचं. 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी मिळून तेंदूपत्ता स्वतः विकला. एकत्र तेही आले. पण निर्णय सभेत राहिला.

सभासद पूल सोडून जाऊ शकतात, असा बचाव होतो. जीहॅश या पूलने जानेवारी 2014 मध्ये ग्वाही दिली की आम्ही निम्म्यापर्यंत जाणार नाही. जूनमध्ये तो काही काळ निम्म्याच्या वर गेलाच. त्यासाठी कुणाला नियम मोडावा लागला नाही.

आणि 2018 मध्ये पुण्यात गाजलेलं गेनबिटकॉइन प्रकरण आठवा. खाणकामाच्या नावावर दरमहा 10 टक्के, 18 महिने, असं आमिष. 19 वर्षांच्या पाळीला भिणाऱ्या माणसाला नेमकी हीच नियमितता हवी असते.

आता स्ट्रॅटम व्ही2 या पद्धतीत व्यवहार निवडण्याचा अधिकार सभासदाकडे परत देण्याची सोय आहे. मात्र तो वापरणाऱ्याला बिटकॉइनच्या नियमांत एका पैशाचंही जास्त बक्षीस ठेवलेलं नाही.